मागीलदार

सर आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले ते कचऱ्याच्या लिफ्टमधून.

दुबईत, अल नहदातल्या आमच्या टॉवरला पाहुण्यांसाठी चांगल्या आरसे लावलेल्या लिफ्ट आहेत. खाली लॉबीत सोफे आहेत, प्लास्टिकची का होईना पण फुलं आहेत, 'गुड इव्हिनिंग मॅडम' म्हणणारा वॉचमन आहे. हे सगळं सोडून हा गृहस्थ इमारतीला वळसा घालून मागे गेला, सफाईवाल्याशी गप्पा मारत सर्व्हिस लिफ्टमध्ये शिरला आणि आमच्या मजल्यावर कचऱ्याच्या खोलीतून बाहेर पडला. नेमकी तेव्हाच माझी लेक कचऱ्याची पिशवी टाकायला गेली होती. ती धावतच परत आली.

"आई, युअर सर केम विथ द गार्बेज!"

मागोमाग सर. हातात श्रीखंडाचा डबा, बगलेत कापडी टोपी, चेहऱ्यावर कमालीचं समाधान. नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, आल्या आल्या मला म्हणाले, "बाय, तुमच्या बिल्डिंगीचं मागचं अंग उत्तम आहे हो. कचऱ्याची शूट तुंबलेली नाही, वास नाही, पाइपाला कुठे गळती नाही. बिनधास्त राहा."

लेक जन्मायच्या आधीपासून आम्ही त्या घरात राहत होतो. बिनधास्त राहायची परवानगी मात्र त्या दिवशी मिळाली. नवऱ्याने माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी घाईघाईने पोळ्या वाढायला घेतल्या.

तर असे आमचे सर. दुबईतल्या आमच्या कन्सल्टन्सीत रस्ते आणि सांडपाणी ह्या खात्याचे प्रमुख. साठी ओलांडलेली, अंगकाठी सुपारीच्या झाडासारखी. मूळचे गुहागरकडचे, पण आयुष्य सगळं पूर्वेकडे गेलेलं. मकाव, मनिला, सिंगापूर. जिथे जिथे कॅसिनो उभे राहिले तिथे तिथे सर त्यांच्या आधी पोचले होते, कारण कॅसिनोच्या आधी पाइप पोचावा लागतो. रास अल खैमाच्या किनाऱ्यासमोर, समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर मोठा कॅसिनो येणार असं ठरलं, आणि बेटासमोरच्या जमिनीवर जो तो हॉटेलं आणि टॉवर बांधायला धावला, तेव्हा आमच्या कंपनीने सरांना बोलावून घेतलं. बेटावरचं काम दुसऱ्यांचं होतं. आमचा क्लायंट किनाऱ्यावरचा एक बिल्डर. त्याची तीन हॉटेलं, अपार्टमेंट्स आणि ह्या सगळ्यांत राबणाऱ्या माणसांची क्वार्टर्स. त्यांचे रस्ते, पाणी, गटारं आमच्याकडे. मी सरांच्या हाताखाली.

पहिल्याच मीटिंगमध्ये आम्हाला बजावण्यात आलं की ड्रॉइंगवर 'कॅसिनो' हा शब्द लिहायचा नाही. 'गेमिंग' लिहा, 'रिसॉर्ट' लिहा, बोलताना नुसतं 'द आयलंड' म्हणा. सर गालातल्या गालात हसत होते.

"सिंगापुरात 'इंटिग्रेटेड रिसॉर्ट' म्हणत," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तशातली गत. घरातला कर्ता तोच, सगळं चालायचं त्याच्याच जिवावर, पण नाव म्हणून घ्यायचं नाही."

साइटवर आम्ही माझ्या गाडीतून जायचो. सर राहायचे अल मनखूलला, एकटे. बायको गुहागरला. सकाळी बसने अल नहदाला येऊन स्टॉपवर उभे राहायचे, डोक्यावर टोपी, हातात कोकमाच्या आगळाची बाटली. गाडी चालवता येत नव्हती आणि त्याची खंतही नव्हती. रस्ते बनवणाऱ्या माणसाला गाडी येत नाही म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणे, "गाडीवाल्याला रस्ता दिसत नाही गो. त्याला पुढची गाडी दिसते." मी ब्रेकवर पाय दाबला. पुढे खरंच गाडी होती.

त्या प्रवासात मी जे शिकले ते मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. एकदा पेट्रोल पंपावर करक चहा घेत असताना सरांनी टिश्यू पेपरवर पेनाने एक नागमोडी रेघ काढली.

"हे साध्या शहराचं सांडपाणी. सकाळी लोक उठले, आंघोळी झाल्या, रेघ वर. दुपारी जरा खाली. संध्याकाळी पुन्हा वर. आणि मग हा बघ, रात्रीचा खड्डा. हा खड्डा म्हणजे शहराची झोप. आम्ही लोक ह्या खड्ड्यात काम करतो. पंप साफ करायचे, पाइप जोडायचे, रस्ते धुवायचे, सगळं ह्या खड्ड्यात."

मग त्याखाली दुसरी रेघ काढली. ती जवळजवळ सरळ होती.

"आणि हे कॅसिनोचं शहर. खड्डाच नाही."

"मग दुरुस्ती कधी करतात?"

"शाब्बास! हाच प्रश्न विचारायचा. करताच येत नाही. म्हणून सगळं दोन-दोन. दोन पंप, दोन पाइप, विजेच्या दोन वाटा. एक जागा, एक निजलेला. बसगाड्या तीन पाळ्यांत, स्वयंपाकघरं तीन पाळ्यांत, माणसं तीन पाळ्यांत. आत पत्त्यांचं एक टेबल चालू राहावं म्हणून बाहेर अख्खं शहर आळीपाळीने झोपतं, बाय. काय अजब गोष्ट आहे बघ!"

हे बोलताना त्यांच्या आवाजात जराही टोमणा नव्हता. कॅसिनो वाईट, जुगार वाईट, असलं कीर्तन त्यांनी कधी लावलं नाही. त्यांना त्या अवाढव्य उद्योगाचं लहान मुलासारखं नवल होतं. काल जिथे समुद्र होता तिथे आज माती, उद्या त्या मातीत गोडं पाणी, परवा हजारो माणसांच्या आंघोळी. मी इतकी वर्षं ह्याच धंद्यात, पण शहर झोपतं आणि त्याची झोप कागदावर दिसते, हे मला तोवर कुणी दाखवलंच नव्हतं.

नवऱ्याने एकदा त्यांना उत्सुकतेने विचारलं, "आत नेमकं कसं असतं हो, सर? झुंबरं वगैरे? लोक लाखो डॉलर्स लावतात म्हणे?"

"ठाऊक नाही," सर म्हणाले.

"म्हणजे? एवढी वर्षं काढलीत तिकडे!"

"मी खालून पाहिलंय सगळं. लाँड्री पाहिली, भांडी घासायची जागा पाहिली, बायकांची युनिफॉर्म बदलायची खोली पाहिली. वापरलेले पत्ते भोक पाडून कसे टाकून देतात ते मी तुम्हाला सांगेन. खेळतात कसे ते नाही सांगता यायचं."

नवऱ्याचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. आमच्या घरी दिवाळीत तीन पत्त्यांचा डाव बसतो, त्यात नवरा नियमाने हरतो. तज्ज्ञाकडून काही युक्ती कळेल अशी बिचाऱ्याची आशा होती.

आता त्या दिवाळीच्या जेवणाचंही सांगते. कंपनीने बर दुबईतल्या एका भारी हॉटेलात दुपारचं जेवण ठेवलं होतं. आम्ही बायका पैठण्या नेसून, केसांत गजरे माळून, लॉबीत फोटो काढून झाल्यावर बॉलरूममध्ये जाऊन बसलो. सरांचा पत्ता नाही. सूप झालं, भाषणं झाली. आमचा प्रोजेक्ट डायरेक्टर, लंडनहून आलेला उंच गोरा माणूस, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून घड्याळ पाहायला लागला. तेवढ्यात स्वयंपाकघराचं झुलतं दार धाडकन उघडलं आणि वाफाळती परात घेऊन येणाऱ्या वेटरच्या मागून आमचे सर. पाठोपाठ उंच टोपी घातलेला शेफ दारापर्यंत सोडायला आलेला, "अंकल, फिर आना" म्हणत.

सर सरळ आमच्या टेबलाशी आले, वाकले आणि हळूच म्हणाले, "बिर्याणी घेऊ नका. मासा घ्या."

सगळ्या टेबलाने मासा घेतला. डायरेक्टरने बिर्याणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. ऑफिसात तेव्हापासून सरांना 'मिस्टर बॅकडोअर' म्हणायला लागले. सरांना ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

पण ही नुसती विक्षिप्तपणाची हौस नव्हती. सरांची काम करायची रीतच तशी होती. बाकी सगळे हॉटेलचं ड्रॉइंग समोरून सुरू करतात, कमान, कारंजं, गाड्या थांबायची पोर्च. सर कोरा कागद उलटा फिरवायचे आणि मागून सुरुवात करायचे. भाजी कुठून येणार, कचरा कुठून जाणार, चादरी कुठे धुणार, भांडी घासणारी बाई बसमधून कुठे उतरणार. ह्या सगळ्याला ते एकच शब्द वापरायचे, 'मागीलदार'. कोकणातल्या घराला पुढीलदार असतं आणि मागीलदार असतं. पुढीलदारी पाहुणे येतात, पानसुपारी होते. मागीलदारी विहीर, पाणचूल, भांडी, वाळत घातलेली आमसुलं, आणि न्हाणीचं पाणी जातं त्या वाटेवर अळू. घर जगतं ते तिथे. सरांच्या लेखी शहराचंही तसंच होतं. सांडपाणी शुद्ध करून झाडांना नेणाऱ्या पाइपाला तर ते भर मीटिंगमध्ये 'अळवाची लाइन' म्हणायचे, आणि समोरचे इजिप्शियन इंजिनिअर मान डोलावून वहीत काहीतरी लिहून घ्यायचे.

आमच्या प्रोजेक्टमधलं मागीलदार म्हणजे एक रस्ता होता. कामगारांची क्वार्टर्स हमरस्त्याच्या एका बाजूला आणि हॉटेलं दुसऱ्या बाजूला. सरांनी मधून, हमरस्त्याच्या खालून जाणारा एक छोटा बोगदा काढला. त्यातून स्टाफच्या बसगाड्या जाणार, बाजूने पायवाट, पायवाटेला सावली, दोन्ही टोकांना बसायला स्टॉप, कडेने अळवाच्या लाइनवर वाढणारी, इथल्या वाळवंटातली गाफची झाडं. चालत या, बसने या, हॉटेलांच्या मागच्या दारांशी पोचा. इतकंच. त्यात दिपवणारं काही नव्हतं.

एका दुपारी साइटवरून परतताना सरांनी मला हमरस्त्याच्या कडेला गाडी घ्यायला लावली. दोन हॉटेलं तेव्हा आधीच सुरू झाली होती, क्वार्टर्स मात्र अजून व्हायची होती. पाळी बदलायची वेळ होती. दुबईतल्या मुहैस्नाच्या कामगार वस्तीतून आलेल्या बसमधून हेल्मेटवाले कामगार उतरत होते, त्यांच्याबरोबर हाउसकीपिंगच्या बायका, निळा युनिफॉर्म, केस चापून बसवलेले. सगळे रस्त्याच्या कडेला घोळक्याने उभे, गाड्यांमधली फट शोधत. गाड्या कसल्या भरधाव जातात तिथे, मी सांगायला नको. फट दिसली की धावायचं. एका बाईने चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी पळाली. त्या उन्हात, त्या डांबरावर! माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

"ही आता पाळीभर हसून 'वेलकम' म्हणणार," सर म्हणाले. "पण कामावर पोचायला तिला जीव मुठीत घेऊन पळावं लागतं. हे काही बरोबर नाही."

मग गाडीत बसल्यावर, काचेतून बाहेर बघत, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. ती सांगताना ते एकदाही हसले नाहीत. आजवर जिथे जिथे काम केलं तिथे तिथे त्यांनी मागीलदाराचा रस्ता काढला होता, आणि एकाही ठिकाणी तो बांधला गेला नव्हता. शेवटच्या घटकेला कापलेला. कुठे त्या जागी कारंजं आलं, कुठे जास्तीचं पार्किंग, कुठे काहीच नाही, नुसती भिंत. समोरची कमान कधी कुणी कापत नाही.

"हे माझं शेवटचं काम, बाय. ह्यानंतर मला कोण बोलावतंय? एक रस्ता तरी बघायचाय मला बांधलेला. एक. माझ्या पायाने चालून."

मी म्हटलं, "होणार सर. इन्शाल्ला." इथे राहून तो शब्द आपसूक तोंडी येतो. पण बजेट आटतंय ही कुजबुज माझ्या कानावर आधीच आली होती.

आणि झालंही तसंच. डायरेक्टरने एका सकाळी सगळ्यांना बोलावून स्क्रीनवर सुधारित प्लॅन दाखवला. 'व्हॅल्यू इंजिनिअरिंग' असं ह्या खर्चकपातीचं गोड नाव आहे. कमान होती, कारंजं होतं, ताडाची झाडं दुप्पट झाली होती. रस्ता नव्हता. बोगदाही नव्हता. स्टाफला बसने राउंडअबाउटपाशी सोडायचं, पुढे त्यांचं ते बघतील.

सर उठून उभे राहिले. शांतपणे, मुद्देसूद, तासभर बोलले. अपघात, ऊन, पाळ्या, पाइपांच्या देखभालीला लागणारी वाट. डायरेक्टरने सगळं ऐकून घेतलं, अगदी आदबीने. मग म्हणाला, "आय हिअर यू. बट इट्स नॉट गेस्ट-फेसिंग." पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही, म्हणून नको! मला असा संताप आला की समोरची पाण्याची बाटली त्याच्या डोक्यात घालावी. सर मात्र खाली बसले, टोपी उचलून मांडीवर ठेवली आणि तिच्या कडा नीट करत राहिले. त्या दिवशी परतताना मी त्यांना गाडीत घेतलं. अल नहदाचा स्टॉप आला तेव्हा फक्त म्हणाले, "खलास." मी त्यांना तो शब्द वापरताना पहिल्यांदा ऐकलं.

आता पुढे जे झालं ते आमच्यासारख्या लोकांच्याच हातून होऊ शकतं.

सर आपल्या ड्रॉइंगमध्ये ह्या रस्त्यावर सवयीने इंग्रजी अक्षरांत 'मागीलदार' लिहायचे. ते आमच्या आपापसातलं होतं, बाहेर पाठवताना पुसायचं. पण कापाकापी व्हायच्या आधी, रस्त्यांच्या मंजुरीसाठी पालिकेकडे पहिला संच गेला, तेव्हा आमच्या फिलिपिनो ड्राफ्ट्सवुमनने ते पुसलं नाही. तिला वाटलं अरबी नाव आहे, इथलंच कुठलंतरी जुनं गाव असेल. मग तो संच अरबी मजकूर लिहिणाऱ्या सीरियन गृहस्थांकडे गेला. त्यांना वाटलं हे इंडियन नाव आहे, क्लायंटने ठरवलं असणार. त्यांनी ते सुरेख अरबी अक्षरांत उतरवलं. क्लायंटच्या माणसाला वाटलं पालिकेनेच दिलंय. प्रत्येकाला तो शब्द दुसऱ्याच्या भाषेतला वाटला आणि विचारायचा प्रत्येकाला संकोच. असं करत करत 'मागीलदार' हा रस्ता शिक्क्यासकट मंजूर होऊन नावांच्या रजिस्टरात जाऊन बसला, आणि आम्हाला पत्ता नाही.

सुधारित प्लॅन घेऊन आम्ही पालिकेत गेलो. डायरेक्टर, क्लायंटचा माणूस, सर आणि मी. समोरचे पालिकेचे इंजिनिअर इथलेच, सरांच्याच वयाचे, अंगात पायघोळ पांढरीशुभ्र कंदुरा, चष्मा नाकावर. गहवा, म्हणजे इथली अरबी कॉफी आली, खजूर आले. त्यांनी नवा नकाशा उघडला, जुन्याशेजारी ठेवला आणि बोट फिरवत फिरवत थांबले.

"व्हेअर इज मगिलदार?"

डायरेक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी सरांकडे. सरांचा चेहरा पांढराफटक.

"सॉरी, व्हॉट इज मगिलदार?" डायरेक्टरने विचारलं.

"युअर रोड," इंजिनिअर म्हणाले. "नाव मंजूर झालंय. नाव असलेला रस्ता असा गायब नाही करता येत. रद्द करायचा तर नव्याने अर्ज करा, सगळा संच पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे तिसऱ्या हॉटेलचं उद्घाटन कुठल्याकुठे गेलं असतं. क्लायंटच्या माणसाने कपाळ पुसलं. माझ्या मनात नुसत्या टाळ्या वाजत होत्या. आता फक्त सरांनी गप्प बसायचं होतं. एवढं एकच करायचं होतं त्या माणसाने! आणि सर घसा खाकरून बोलायला लागले. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय मारला, तो लागला क्लायंटच्या माणसाला.

"ते नाव नाही, साहेब," सर इंग्रजीत म्हणाले. "चूक झाली आमच्याकडून. मी त्या रस्त्याला तसं म्हणतो, एवढंच. माझ्या भाषेतला शब्द आहे."

संपलं, मला वाटलं. हातातोंडाशी आलेलं ह्या माणसाने स्वतःच्या हाताने घालवलं. डायरेक्टरचा चेहरा उजळायला लागला होता.

इंजिनिअरांनी चष्मा काढला आणि चक्क हिंदीत विचारलं, "क्या मतलब है इसका?" इथल्या जुन्या लोकांना चांगली हिंदी येते, पण ते ती कधी काढतील ह्याचा नेम नसतो.

सरांनी सांगितलं. घराचं मागचं दार, विहीर, चूल, काम करणाऱ्या बायकांची जागा. मोडकंतोडकं, कोकणी वळणाचं हिंदी. इंजिनिअर ऐकत राहिले.

"हमारे पुराने घर में भी था," ते म्हणाले. "औरतों का दरवाज़ा अलग. मेरी माँ उधर से ही आती-जाती थी. पूरा घर उधर से चलता था." मग त्यांनी जुन्या नकाशावरच्या त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "और आप बोलते हैं, ये नाम नहीं है? सब नाम ऐसे ही बनते हैं. किसी ने बुलाया, हो गया."

डायरेक्टरकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "रस्ता मंजूर आहे. जसा काढलाय तसा. पायवाट, सावली, झाडं, सगळं नकाशात आहे, सगळं बांधा. की नव्याने अर्ज करताय?"

डायरेक्टरने क्लायंटच्या माणसाकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. "खलास. कीप इट."

खाली पार्किंगमध्ये आल्यावर मी सरांवर तुटून पडले. "काय गरज होती हो बोलायची? सगळं जमून आलं होतं, आणि तुम्ही आपले हरिश्चंद्राचे अवतार!" सर ओशाळे हसले. "खोट्या नावाने बांधलेला रस्ता मला कसा चालला असता, बाय?" मी त्यांना पुढचं दार उघडून गाडीत बसवलं आणि गाडी सुरू केली. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. अजूनही नाही.

कंपनीने वर्ष संपताच सरांना निवृत्त केलं. वय हे कारण होतंच, डायरेक्टरला फार शोधावं लागलं नाही. रस्ता तेव्हा अर्धा झाला होता. व्हिसाची मुदत संपत आली तरी सर अल मनखूलच्या खोलीत थांबून राहिले, आणि बोगदा खुला झाल्याचं मी कळवलं त्याच आठवड्यात मी त्यांना घेऊन निघाले. बेटावरचा कॅसिनो अजून उघडायचा होता, क्रेन हलत होत्या. पण मागीलदारातून बसगाड्या सुरू झाल्या होत्या.

सर गाडीतून उतरले आणि क्वार्टर्सच्या टोकापासून चालायला लागले. मी दोन पावलं मागे राहिले. मुद्दामच. पायवाट, सावलीचं छप्पर, गाफची कमरेएवढी रोपं. सर मधेच वाकून रोपाच्या बुडाशी ओल आहे का ते बोटाने बघायचे. बोगद्यात थंड होतं. डोक्यावरून हमरस्त्याची घरघर, आणि खालून माणसं आपली निवांत चाललेली, कुणी फोनवर बोलत, कुणी डबा हलवत. कुणी पळत नव्हतं. मी तोंड फिरवून डोळे पुसले, सरांना कशाला दाखवा.

पलीकडच्या टोकाच्या स्टॉपवर आम्ही बसलो. दुपार कलायला आली होती. शेजारी एक नेपाळी बाई, निळा युनिफॉर्म, पर्स मांडीवर, कपाळावर हाताचा आडोसा धरून बसलेली. सरांनी विचारलं, "कैसा है बहन, रास्ता?"

तिने सरांकडे आपादमस्तक पाहिलं. टोपी, कोकमाची बाटली. हा कुणी चौकशी करणारा साहेब नाही अशी खात्री झाल्यावर तोंड सोडलं.

"रास्ता क्या अंकल! ये बस स्टॉप किस अकलवाले ने बनाया? दोपहर को पूरी धूप मुँह पे आती है. छत का मुँह उधर होना चाहिए था. रोज़ हम लोग इधर भुनते हैं. और बेंच इतनी नीची, दिनभर खड़े रहने के बाद घुटना मुड़ता है क्या?"

मी जीभ चावली. पण सर उठले होते. सूर्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, तिच्या जागी जाऊन उभे राहून स्वतःच्या तोंडावर ऊन घेतलं.

"बरोबर आहे," ते मराठीतच म्हणाले. मग तिला, "आप सही बोल रही हैं. गलती हो गई."

बस आली, ती चढली, जाताजाताही काहीतरी पुटपुटत होती. सर बसकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, लागलं त्यांना. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली त्या रस्त्यावर पहिला शब्द ऐकला तो हा. मी काही समजूत घालणार, तोच त्यांनी खिशातून फोन काढला आणि गुहागरला बायकोला लावला.

"अगो, ऐकलंस का? तक्रार आली! ... अगो माझ्या रस्त्याची! एक बाई भांडली माझ्याशी. छप्पर चुकलं म्हणाली, बाक चुकला म्हणाली. ... हो, हो, रोज बसते ती तिथे! रोज!"

हसत होते आणि गालांवरून पाणी चाललं होतं. पलीकडून वहिनींचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"मग रडताय काय? चुकलंय तर दुरुस्त करून द्या तिला."

"देतो गो," सर म्हणाले आणि फोन बंद न करताच माझ्याकडे वळले. "बाय, टेप आहे का गाडीत?"

टेप होता. छप्पर किती फिरवायचं आणि बाक किती उचलायचा, ते आम्ही दोघांनी त्या उन्हात उभं राहून मोजलं.